चोवीस फुटांची नदी

३ फेब्रुवारी, सोमवार

हिने परस्पर हो सांगून टाकलं! मला न विचारता! हिच्या नाटक मंडळीचा जुना पडदा वखारीत ओल लागून कुजला, म्हणून नवा मी रंगवायचा. चोवीस फूट रुंद, चौदा फूट उंच. नदी, काठ, एक झाड. खेळ दोन मार्चला. म्हणजे हातात सत्तावीस दिवस.

मी म्हटलं, माझं पुस्तक? महिनाअखेर द्यायचंय. बत्तीस पानांतली चौदा झालीत. घर बदलायला निघालेल्या गोगलगायीची गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदा शब्दही माझे आणि चित्रंही माझी. आजवर दुसऱ्यांच्या गोष्टींना हत्ती-घोडे काढून देत आलो.

ही म्हणाली, "तुझं काम टेबलावर मावतं रे. थोडं मागेपुढे झालं तर काय बिघडतं?"

मावतं! जे मावतं ते काम नव्हे, असा आमच्या घरचा कायदाच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रंगवतो म्हणालो. स्वतःचाच राग येतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वखार म्हणजे मंडळीचं गोदाम. घरापासून दहा मिनिटं. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, पेट्याच पेट्या. मधली जागा झाडून कापड जमिनीवर पसरलं, सरस लावून पांढरा हात दिला. लांब दांड्याच्या कुंचल्याने उभ्या-उभ्या रंगवायचं. पहिल्याच दिवशी कंबरेचे टाके ढिले झाले.

वर सासरेबुवा! दिवसभर माझ्याबरोबर, खुर्ची टाकून. "देखरेखीला," ही म्हणाली. ही सकाळी तालमीला जाते ती संध्याकाळी उगवते. सासरेबुवा तालमीला जात नाहीत — त्यांचं म्हणे चाळीस वर्षांत सगळं पाठ झालंय. मंडळीला साठ वर्षं झाली म्हणून नऊ वर्षांनी पुन्हा उभे राहणार आहेत, फक्त शेवटच्या प्रवेशात. राणी नदीकाठी राजाचा निरोप घेते तो प्रवेश.

बाहेरचे लोक याला ऑपेरा म्हणतात. घरात नुसतं 'खेळ'. तीन तास गाणं आणि रंगवलेले चेहरे. सासरेबुवा जन्मभर राण्या झाले, त्यांची मुलगी राजे होते. म्हणजे आमची ही मिशा लावून स्वतःच्या बापाला 'प्रिये' म्हणते. लग्नाआधी हे माझ्या आईला फोनवर समजावताना माझी जी तारांबळ उडाली होती!

८ फेब्रुवारी, शनिवार

झाड पुसा!

तीन दिवसांत एक शब्द नाही, आणि आज आमची लेक खारूताई येऊन उभी राहिल्याबरोबर निकाल. घरात तीन भाषा. मी आणि मुलगी मराठीत. ही, तिचे वडील आणि मुलगी त्यांच्या भाषेत. मी आणि ही या गावच्या भाषेत — लाडीगोडी, भांडण, किराणा, सगळं तिऱ्हाइताच्या शब्दांत. राहिलो सासरेबुवा आणि मी. पंधरा वर्षं शंभरेक शब्दांवर भागवलंय. "जेवलात?" "जेवलो." "थंडी आहे." "आहे." त्यापुढचं सगळं खारूताईच्या तोंडून.

तर ही अकरा वर्षांची दुभाषी सासरेबुवांच्या शेजारी उभी. दोघांची पाच मिनिटं कुजबुज. मग माझ्याकडे वळून, "आजोबा म्हणतात, झाड मेल्यासारखं दिसतंय."

मेल्यासारखं! दीड दिवसाचं काम.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुसरं झाड. "आजोबा म्हणतात, फार जाड झालं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सासरेबुवांनी रंगाच्या बादलीत पाय घातला. अख्खा निळा पाय! आणि ओरडले माझ्यावरच — बादली वाटेत ठेवतात का, एवढं मलाही कळलं. त्यांची खुर्चीसुद्धा वीतभर हलवलेली चालत नाही. काल मी झाडताना सरकवली तर दिवसभर गाल फुगवून बसले. महाराणीच!

मोजा धुऊन वाळत घातला. मीच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरं झाड पुसलं. पुस्तकाची पानं चौदाच.

हिच्याशी भांडलो. म्हटलं, तुझ्या वडिलांना पडदा नकोय, माणूस छळायला हवाय. ही मोजे जुळवत होती. म्हणाली, "आणखी थोडे दिवस कळ काढ ना." इतक्या मवाळपणे म्हणाली की आणखीच डोकं फिरलं. भांडायला समोर कुणी नसलं की भांडण आपल्याच अंगावर येतं.

खारूताई मधे पडली. तिच्या आईला काहीतरी सांगितलं, मला काहीतरी. दोघं गप्प बसलो. आम्हाला दोघांना एकच सांगितलं असेल कशावरून?

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौथं झाड पास! देव पावला. नदी मात्र "थांबलेली वाटते".

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संपादिका बाईंचा फोन. पुस्तकाचं कसं काय? मी म्हटलं, अजून एक महिना द्या. मग अतिशय गोड आवाजात — "असं करू या का, तुमची जागा या वेळी दुसऱ्या एकांना देते. तुमचं पुढच्या वर्षी निवांत बघू."

निवांत! तीन वर्षं गोगलगाय घेऊन दारोदार फिरलो. कुठे दाद लागली ती इथे. आता पुढच्या वर्षी या बाई तिथे असतील की नाही कुणास ठाऊक.

घरी कुणाला सांगितलं नाही. विचारलं कुणी?

१९ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी वखारीत गेलो ते डोक्यात राख घालूनच. सासरेबुवा खुर्चीत बसले, गुणगुणायला लागले. मी पांढऱ्याचा डबा उघडला आणि नदी पुसायला घेतली. थोडी नाही, सगळी. या काठापासून त्या काठापर्यंत. म्हटलं, थांबलेली वाटते ना? घ्या, आता नाहीच. दुपारपर्यंत मधे नुसता पांढरा पट्टा. डाव्या कोपऱ्यात ते पास झालेलं झाड तेवढं उभं.

खारूताईला ताप, ती घरी. दुभाषी नाही. चार वाजता सासरेबुवा नेहमीप्रमाणे उठले, कापडाच्या कडेपर्यंत आले, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. मी कंबरेवर हात ठेवून तयार. आज होऊन जाऊ दे म्हटलं.

ते म्हणाले, "नदी चांगली. आज वाहते."

हे शब्द मला येतात. नदी येतो, चांगली येतो, आज येतो. क्षणभर वाटलं टोमणा मारताहेत. मग चेहरा पाहिला. टोमणा नव्हता. खूश होते. जावयाच्या खांद्यावर थोपटायला हात पुढे केला, तो खांद्याच्या चांगला चार बोटं बाजूला पडला.

समोर पांढरं कापड. आणि हा माणूस नदी बघतोय.



२० फेब्रुवारी, गुरुवार

खारूताईचा ताप उतरला. अंथरुणाशी बसून विचारलं, आजोबांना दिसतं का? ती रडायलाच लागली. कुणाला सांगू नको म्हणाले होते. रोज तीच त्यांना पडद्याचं वर्णन करून सांगायची — झाड कसं, पाणी कुठे, रंग कोणता. त्यावरून ते बोलायचे.

"म्हणजे झाड मेल्यासारखं हे त्यांना तुझ्या सांगण्यावरून कळलं?"

नाक पुसत, "ते नाही म्हणाले तसं."

"मग?"

"मलाच वाटलं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. आजोबांचं ऐकतोस."

तीन झाडं पुसली मी! एका अकरा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर! हसावं की फटका द्यावा, काही सुचेना. सगळ्यांत राग याचा की पोरीचं चुकलं नव्हतं. पहिलं झाड मेलेलंच होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वखारीत दोघंच. मी माझ्या मोडक्या शब्दांत विचारलं, "बाबा. डोळे. किती?"

गुणगुणणं थांबलं. मग स्वतःच्या चेहऱ्यासमोर तळहात धरला आणि हळूहळू बोलले, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. मधलं गेलं. धुकं. कडेचं थोडं आहे. डॉक्टर म्हणाला, परत येत नाही.

"आणि स्टेज?"

उठले. वखारीच्या मोकळ्या बाजूला गेले आणि चालायला लागले. राणीची चाल — टाच आधी, मग चवडा, खांदे स्थिर. अठरा पावलं, वळण, सात पावलं, थांबले. पंच्याहत्तर वर्षांचा, ढगळ स्वेटर घातलेला म्हातारा, आणि मी खरंच मागे सरकलो, राणीला वाट द्यावी तसा. मग एक पाऊल जास्त पडलं आणि गुडघा पेटीवर आपटला.

मी धरायला गेलो. हात झटकला.

"तिला नको सांगू," म्हणाले. "थांबवेल ती."

खेळाच्या स्टेजला पुढे कठडा नसतो. कडेपासून खाली चार फूट.

आता हे ओझंही मीच वाहायचं!

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगावं का हिला? दिवसातून वीसदा तोंड उघडतो. पडले तर? आणि थांबवलं तर? तरी ते पडतीलच — खुर्चीत बसल्या-बसल्या.

ही म्हणाली, "बोलत का नाहीस? अजून रागावलायस?" हो म्हटलं. सोपं पडलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तोडगा काढला. स्टेजवर अंथरायचा जाड कापडी तळ आहे. त्याच्या पुढच्या कडेपासून दोन हात आत, खालून अंगठ्याएवढा दोर शिवला. वरून काही दिसत नाही, पायाला लागतो. आज सासरेबुवांना त्यावरून तीसेक वेळा चालवलं. बोटांना दोर लागला की थांबायचं. माझा एकच शब्द — "पुन्हा." त्यांच्या भाषेत. बादलीवरून माझ्यावर ओरडले होते, त्याचा सूड मी पुरेपूर उगवला.

नदी नव्याने काढतोय. कुणाला न विचारता. खारूताई आता स्वतःच्या नावाने नापसंती कळवते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पडदा झाला. वाईट नाही. आज पुस्तक द्यायची तारीख होती.

२ मार्च, रविवार

खेळ दुपारी होता. सभागृह भरलेलं. मी विंगेत उभा. पडदा उलगडला, नदी दिसली, कुणी श्वास वगैरे रोखला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

शेवटचा प्रवेश. सासरेबुवा आले. पांढरा चेहरा, लाल ओठ, डोक्यावर तीन किलोचा मुकुट. अठरा पावलं. मी मोजत होतो, ओठ हलत असणार, कारण खारूताईने माझी बाही ओढली. वळण. आणि मग ते गाताना वाहवले! पुढच्या सात पावलांची नऊ झाली. दहावं उचललं, खाली ठेवलं — आणि पाय थांबला. दोर लागला होता. तिथेच, कडेपासून दोन हातांवर उभं राहून त्यांनी तो लांब स्वर लावला. नऊ वर्षांत न लावलेला. शेवटाला फाटला. फाटका स्वरही असा धरून ठेवला की कुणाची टाळी वाजवायची छाती होईना.

ही राजा होती, समोर. आज तिने दर ओळीआधी काठी जमिनीवर आपटली. आजवर कधी आपटलेली पाहिली नाही. सासरेबुवा त्या आवाजाकडे वळत गेले.

मग टाळ्या, हार, फोटो. सगळे रडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते, त्यांच्या भाषेत. मी तळ गुंडाळत होतो. पडद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक बाई मला विचारून गेली, "गाडी तुम्हीच आणलीत का?"

३ मार्च, सोमवार

आज हिला सगळं सांगून टाकलं. ही आरशासमोर बसून कानामागचा राहिलेला रंग तेलाने पुसत होती. हात थांबला नाही.

"मला डिसेंबरपासून माहीत आहे."

मी चाट! मग मला का नाही सांगितलंस?

"तू त्यांना हाताला धरून चालवलं असतंस. मग ते स्टेजवर चढलेच नसते. तालमीला नेलं असतं तर मंडळीतल्या कुणीतरी ओळखलं असतं."

मी ओरडलोच — आणि माझं पुस्तक? माझे सत्तावीस दिवस? पडदा वेळेत झाला नसता तर काय केलं असतंस?

"पडदा भाड्याने मिळत होता," ही म्हणाली. "बाबांना दिवसभर कुणाच्या भरवशावर सोडलं असतं?"