मापाला उभं राहिलेलं माणूस

९ नोव्हेंबर

पोचलो. खोलीत दोन खाटा. मालकीणबाई म्हणाल्या, "एक हलवू का? तेवढीच जागा होईल." म्हटलं, असू द्या, सामान ठेवीन तिच्यावर. सामान जमिनीवरच ठेवलंय.

संपादकाचा फोन. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला विझलेल्या ज्वालामुखीचं विवर हवं आहे. "आणि काठावर माणूस उभं करा हं. नाहीतर विवर कुठलं आणि वाटी कुठली, लोकांना काय कळणार?" मला शिकवतोय! उभी हयात असेच फोटो काढत आलो. काठावर ही उभी राहायची, पिवळं जाकीट घालून. मी लांबून ओरडायचो — डावीकडे, अजून डावीकडे, आता हलू नकोस. डोंगर केवढा, विवर केवढं ते कळायला ती मापाला.

मागच्या थंडीत ती गेली. आता मापाला कोण?

१० नोव्हेंबर

जीपचा ड्रायव्हर बोलून बोलून डोकं खातो. त्याच्या तिन्ही मेहुण्यांची भांडणं मला पाठ झाली आहेत. पण विवराशी पोचल्यावर गडी खाली उतरेना. "साहेब, उंचावर मला गरगरतं. फोटोबिटो काही सांगू नका."

टायमर लावून स्वतःच पळालो. काठ लांब, गुडघे जुने. फोटोत माझी पाठ आणि धूळ. मग हिचं जाकीट काठीला अडकवून काठावर रोवलं. (हो, आणलंय बरोबर. का ते विचारायला इथे कोण आहे?) फोटो नीट आला. शेतातलं बुजगावणं जसं दिसतं तसं ते दिसत होतं. पुसून टाकला. परतीच्या वाटेवर जाकीट मांडीवर होतं. ड्रायव्हरने मेहुण्यांचं नाव काढलं नाही.

११ नोव्हेंबर

रानगाढवांचा कळप मिळाला. मऊ उजेड, मागे लाल वाळू. एक पिल्लू अगदी जवळ आलं. दिवसभरात बोललो तो त्याच्याशीच.

गाढवं पाहिली की मेहुणी आठवते. ही गेली त्या आठवड्यात लेक म्हणाली, "बाबा, आईचा चेहरा दिसेल असा एक फोटो दे ना. भिंतीवर लावू." सगळी कपाटं उपसली. डोंगर, वाळू, विवरं, आणि प्रत्येक ठिकाणी ही मुंगीएवढी. मोठं करून पाहावं तर नुसता पिवळा ठिपका. शेवटी ओळखपत्रावरचा लावला. त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. मेहुणी सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, जगातली सगळी गाढवं टिपलीत, माझी बहीण तेवढी राहिली."

तेव्हा मीही हसलो. काय करणार?

१२ नोव्हेंबर

खरं कशाला आलोय ते इथे तरी लिहावं. मुखपृष्ठ हे निमित्त.

मागच्या खेपेला दोघं इथेच होतो. विवराच्या पलीकडच्या अंगाला, कोल्ह्याच्या बिळापाशी, एका कपारीत कॅमेरा लावला होता — समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. वावटळ आली, आम्ही जीव घेऊन पळालो, कॅमेरा राहिला. नंतर येऊन नेऊ म्हणालो. मग हिचं दुखणं निघालं.

असा कॅमेरा लावला की तो चालतोय का ते बघायला कुणीतरी जनावरासारखं रांगत समोरून जावं लागतं. ते काम हिचं. मी तेवढ्यात पुढच्या फोटोच्या मागे लागलेला असायचो. मागून हाक यायची, "झाला कोल्हा!" घरी आल्यावर ते फोटो मी सगळ्यात आधी पुसायचो. कार्डात जागा नको का?

या एका कॅमेऱ्यातले पुसायचे राहिलेत. लेकीला सांगितलेलं नाही. उगाच तिला आशेला कशाला लावू?

१३ नोव्हेंबर

नाही सापडला. वाळूने कपारींची तोंडंच बदलली आहेत. संध्याकाळी जेवताना ड्रायव्हरला सगळं सांगून बसलो. तो पाव मोडत मान हलवत राहिला.

१४ नोव्हेंबर

सापडला! ड्रायव्हरला सापडला. माझ्या कमरेचा पट्टा मागून घट्ट धरून काठाने आला बिचारा, डोळे जवळजवळ मिटलेले. तिथे पोचल्यावर मी उभ्याने शोधत होतो, तो पट्टा सोडून भीतीने चार पायांवर रांगत होता. म्हणून त्याला दिसला.

कॅमेऱ्याचा पट्टा कुरतडलेला, काचेला चरे. कार्ड लॅपटॉपला लावलं. कार्ड वाचता येत नाही म्हणे. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. जेवलो नाही.

१५ नोव्हेंबर

गावात एक फोटो स्टुडिओ आहे. भिंतभर चेहरे — नवराबायको, बाळं, शाळेतले वर्ग. एवढे चेहरे मी जन्मात काढले नाहीत. स्टुडिओवाल्याने कार्ड लावलं आणि सहज म्हणाला, "फॉरमॅट मारू का? सगळं पुसून नव्यासारखं होईल." मी त्याचा हातच धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "बसा काका. काय आहे यात?"

म्हटलं, बायको.

"प्रयत्न करतो. भरवसा नाही देत."

१६ नोव्हेंबर

निरोप नाही. संपादकाला कळवलं, मापाला माणूस मिळत नाही.

१७ नोव्हेंबर

एकच फोटो निघाला. हीच आहे. चौकटभर चेहरा. केसांत वाळू, कोल्ह्यासारखं नाक फेंदारलेलं, हसू आवरत नाहीये. तिच्या कानामागे, लांब विवराच्या काठावर, ट्रायपॉडवर वाकलेलं कुणीतरी. पाठमोरं. मुंगीएवढं.

लेकीला पाठवला. मग तिने विचारलं, "बाबा, मागे तो ठिपका कसला रे आईच्या?"

कळवलं — तो मी. मापाला उभा आहे.