स्वयंपाकघरात दोन रंगांच्या लाद्या बसवू देण्याबाबत

प्रति,
मा. निवास देखभाल अधिकारी,
रुग्णालय कर्मचारी वसाहत.

विषय : एकाच खोलीत राखाडी व हिरव्या अशा दोन रंगांच्या व्हिनाइल लाद्या बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : काम थांबवल्याचे लेखी कारण देण्याबाबत पर्यवेक्षकांचे पत्र.

महोदय,

सदर अर्जदार रुग्णालयाच्या धुलाई विभागात इस्त्रीकामावर असून वसाहतीत तळमजल्यावर राहते. स्वयंपाकघरातील लाद्या बदलण्याचे काम अर्जदाराने निम्म्यावर थांबवले. त्याचे कारण पुढीलप्रमाणे आहे.

अर्जदाराचे यजमान निवर्तल्यावर त्यांची थोरली बहीण, म्हणजे अर्जदाराच्या वन्सं, अर्जदारासोबत राहू लागल्या. त्या याच रुग्णालयात टेलिफोनवर होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, बोलण्यातून झाल्या नाहीत. सिंकखालचा पाइप गळून पाणी जुन्या लाद्यांखाली गेले व त्यांच्या कडा वळू लागल्या, तेव्हा कार्यालयाला तसदी नको म्हणून दुरुस्ती घरीच करण्यात आली. लादीवर फडके टाकून अर्जदार गरम इस्त्री फिरवी, मऊ झालेली कड उचलून खाली नवा गोंद लावी आणि वर वजन म्हणून पिठाचा डबा ठेवी. वन्सं डबा बाजूला सारून स्वतःच लादीवर उभ्या राहत. "डब्याला कंटाळा आला तर तो सांगणार आहे का? मी निदान बोलेन तरी," असे म्हणत, आणि गोंद सुकेपर्यंत बोलत. अशा दाबलेल्या लाद्या पुष्कळ टिकल्या. पुढे खालचे सिमेंटच भुसभुशीत झाल्याने इलाज चालेना, म्हणून रीतसर अर्ज केला व तो आपण मंजूर केलात, याबद्दल अर्जदार आभारी आहे.

पर्यवेक्षकांनी नमुन्याचे तुकडे आणून दिले. अर्जदाराने राखाडी निवडला. दिवसभर पांढऱ्या चादरी हाताळल्यामुळे डाग कशावर दिसतो व कशावर लपतो, एवढे अर्जदारास कळते. वन्संनी हिरवा तुकडा खिडकीखाली ठेवला, चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, राखाडीवर उभं राहिलं की वॉर्डात उभं असल्यासारखं वाटतं." अर्जदार म्हणाली, "हिरव्यावर पीठ सांडलं तर आठवडाभर दिसत राहील." त्यावर त्या म्हणाल्या, "दिसू दे. घरात पीठ आहे हे तरी कळेल."

यावरून दोघींत अबोला झाला. मीठ हवे असले तरी वन्सं ते खिडकीकडे बघून मागत आणि अर्जदार ते न बोलता पुढे सरकवी. संमतीपत्रावर घरातील दोन्ही सज्ञान व्यक्तींच्या सह्या लागतात. वन्सं सही करीनात. अर्जदारही रंग बदलीना. वास्तविक दोघींपैकी कोणी एकीने हसायचा अवकाश होता.

तशातच एका सकाळी चहा ठेवलेला असताना वन्सं खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. हृदयविकार होता. त्यात लाद्यांचा काही संबंध नाही, ही बाब कार्यालयाच्या माहितीसाठी नमूद केली आहे.

त्यानंतर पर्यवेक्षक भेटावयास आले. दुःख व्यक्त करून त्यांनी सांगितले की, हरकत घेणारी व्यक्ती आता हयात नसल्याने राखाडी रंगाचा मार्ग मोकळा झाला आहे. अर्जदाराने एकटीने सही केली. कामावर जावयाचे होते, गेली. सहकारी बायका अधूनमधून तोंडाकडे बघतात आणि रडून घ्यायला सांगतात. अर्जदारास रडू आलेले नाही. चादरींच्या घड्या मात्र नीट पडतात.

लादीवाल्या मिस्त्रींनी शेगडीच्या बाजूने काम सुरू केले. अर्जदार दुपारी घरी आली तेव्हा निम्मी खोली राखाडी झाली होती. काम स्वच्छ होते, सांधा कुठे दिसत नव्हता. खिडकीखालच्या जुन्या लाद्या निघून काळा गोंद उघडा पडला होता आणि मिस्त्री तेथे पुढची लादी टेकवीत होते. अर्जदार "थांबा" म्हणाली. ते म्हणाले, "बाई, संध्याकाळपर्यंत संपतंय की." अर्जदारास पुन्हा "थांबा" एवढेच म्हणता आले. त्यांनी हत्यारे पिशवीत भरली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन पाणी मागून प्यायले. बहुधा अर्जदाराने जागचे हलावे म्हणून.

मुलांच्या वॉर्डातील कामातून उरलेल्या हिरव्या लाद्या भांडारात पडून आहेत. तेवढ्या खिडकीखालच्या भागास पुरतात, असे मिस्त्री सांगतात. एका खोलीत एकच रंग असावा, असा नियम असल्याचे पर्यवेक्षकांनी दाखवून दिले. नियमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि कागदोपत्री खिडकीखालचा भाग वेगळी खोली मानता येईल काय, याचा विचार व्हावा. तेथे वन्संची खुर्ची व रेडिओ असे, आणि त्या रेडिओ ऐकत असताना अर्जदार त्यांना विचारल्याशिवाय तिकडे केर काढावयासही जात नसे. भिंत नव्हती, एवढेच. हेही बसत नसल्यास, अर्जदार घर सोडील तेव्हा हिरव्या लाद्या काढून कार्यालयाने सगळी खोली राखाडी करावी. त्या वेळी कोणाची हरकत राहणार नाही.

आता आपणास हिरवा पसंत पडला काय, असा प्रश्न पर्यवेक्षकांनी पत्रात केला आहे. त्याचे उत्तर असे की, हिरवा रंग अर्जदारास आजही आवडत नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
अर्जदार
(सही)
इस्त्रीकाम, धुलाई विभाग
दिनांक : ९ जून

सोबत :
१. पर्यवेक्षकांच्या पत्राची प्रत.
२. हिरव्या लादीचा नमुना, एक. पाहून झाल्यावर परत मिळावा.