छावणीवरचे दिवे

२४ एप्रिल २०१९
पोचलो एकदाचा! चौसाळ्याजवळची ही टेकडी, एक खोली, दुर्बीण आणि वर उघडं आकाश. मला आणखी काय हवं? नव्याने सापडलेला एक लघुग्रह पुण्याच्या कार्यालयाने माझ्या गळ्यात बांधलाय. तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता मोजायची. पायथ्याशी दूध संस्थेची चारा छावणी आहे. दुष्काळामुळे आसपासची सगळी गुरं तिथेच. तिथल्या मालनबाईंनी चहा दिला आणि विचारलं, धोंडा पडणार का? मी हसून सांगितलं, ताऱ्यांमधून सरकत गेला की धोका टळला, घाबरायचं काम नाही. संध्याकाळी छावणीची वीज गेली होती, त्यामुळे चित्रा ताऱ्याशेजारी लघुग्रहाचा ठिपका लगेच सापडला.

२६ एप्रिल
वीज आली आणि माझं काम बुडालं. हॅलोजनचा उजेड धुळीत पसरतो, ठिपका पार पुसून जातो. दोन तास दिवे बंद ठेवा म्हणून संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव यांना विनवलं. म्हणाले, कडबा चोरीला गेल्यावर कुनाला धरायचं? सभेत ठराव घ्या.

२८ एप्रिल
गणपूर्ती नाही, सभा तहकूब. सभासद टँकरच्या रांगेत; दोष तरी कुणाला देऊ? पुण्याचे साहेब म्हणतात, मोजमापं नाहीत तर इशारा कसला देऊ? इशाऱ्याशिवाय ही माणसं जागची हलणार नाहीत. डोकं फिरायची वेळ आलीय.

१ मे
ठराव सर्वानुमते मंजूर. अंमल मात्र पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्यावर. हसावं की रडावं?

३ मे
इतिवृत्त कायम. दिवे बंद.
ठिपका सापडला. चित्रेशेजारीच, २४ तारखेला होता तिथेच. पुन्हा मोजलं. केसभरही सरकलेला नाही, फक्त उजळलाय.
अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा असाच दिसतो. जागा बदलत नाही. नुसता मोठा होत जातो.

४ मे
आता दुर्बीण लागत नाही. पुण्याला फोन लागत नाही. खाली धावलो, सांगितलं, दावी सोडा, निघा— सर्जेराव म्हणाले, सभा बोलवावी लागंल. मालनबाईंनी माझीच समजूत घातली. सायेब, तुमीच म्हनला होता, घाबरायचं काम न्हाई. दिवस मावळल्यापून बघतोय आमी, जाग्यावरच हाय त्यो. हालतच न्हाई, त्यो येईल कसा?
मी चुकीचं सांगितलं होतं. अर्धंच सांगितलं होतं. कसं समजावू—
दिवे बंद आहेत. ठरावाप्रमाणे. तरी मला ही अक्षरं दिसताहेत. दावणीला गुरं उभी, त्यांच्या सावल्या पडल्यात— गडद— आणि आता—