निळं भूत कोपऱ्यावर थांबतं

एनिस, आयर्लंड, शनिवार, १८ नोव्हेंबर २०१७

आज शेजारच्या मेरी आजी चहाला आल्या, तेव्हा घरी बनवलेला माझा भुलभुलैयाचा गेम पहिल्यांदाच बाहेरच्या कुणाला खेळायला दिला. त्यातलं निळं भूत प्रत्येक कोपऱ्यावर अडखळतं. माझाच बग. खेळायच्या आधी सांगून टाकावं, म्हणजे लाज तरी जाणार नाही, असं मनात होतं. पण राहिलं.

भूत कोपऱ्यावर थांबलं आणि आजींनी जॉयस्टिकवरून हातच काढला. "युअर मॅन विचार करतोय," हळूच म्हणाल्या. युअर मॅन म्हणजे इकडच्या बोलीत 'तो गडी'. "करू दे त्याला."

माझी बायको अनघा चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी. मीही श्वास रोखून. कुठं वळणार हे? अरे, मीच लिहिलंय ना? आत आहे काय, तर एक चुकलेली ओळ! तरी मला सांगता येईना.

ते वळलं ते थेट आजींच्या अंगावर. गेम संपला. आजी खूश! "बघ, ठरवलं त्यानं."

त्या गेल्यावर दुरुस्तीला बसलो. ओळ लगेच सापडली. खोडायला गेलो आणि वाटलं, त्याला न विचारता कशी खोडू?