डावीकडची लाल पट्टी

४ मार्च, बुधवार

बाबा आजही अर्धंच ताट जेवले. उजवीकडचं अगदी पुसून खाल्लं, डावीकडचं जसंच्या तसं. वर म्हणतात, "वाढ की अजून, संपलं सगळं!" आईने ताट नुसतं फिरवलं. "हां, आता कसं!" म्हणून परत जेवायला लागले. आई हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. नळ सोडून रडते. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही. झटका आल्यापासून डावीकडेही जग असतं हे मेंदूच विसरलाय.

६ मार्च

व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या होत्या. कडक आहेत, मला आवडल्या. म्हणाल्या, जे काही बोलायचं, द्यायचं, दाखवायचं ते डावीकडूनच. "मान वळली तर आत्ता सुरुवातीलाच वळेल. नंतर अवघड." वाचायला दिलं तर पानाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी ओढायची आणि आधी ती शोधायला लावायची.

बाई गेल्या गेल्या आईची खुर्ची पलंगाच्या डावीकडे नेऊन ठेवली. आई म्हणाली, "पण तिकडून मी त्यांना दिसतच नाही गं." म्हटलं, "म्हणूनच तर!"

९ मार्च

वर्तमानपत्राला हात लावत नाहीत. कशातच लक्ष नाही. आज ऑफिसात एक विचार आला — बाबांना माझं काम दाखवलं तर?

खरं तर ते त्यांचंच काम. चिपवर जी नक्षी छापायची तिचा काचेवरचा साचा म्हणजे मास्क. बाबांच्या वेळी ती नक्षी टेबलाएवढ्या लाल फिल्मवर ब्लेडने कापायचे, नको तिथली फिल्म सोलून काढायचे. मग फोटो काढून लहान लहान करत काचेवर. आता सगळा डेटा. मशीन काचेवर उमटवायच्या आधी मी तो सॉफ्टवेअरमध्ये उघडते, एकेक थर वेगळ्या रंगात लावते, मोठा करून बघते — कुठे दोन रेघा चिकटल्यात का, कुठे तुटलीय का. आई शेजारणीला सांगते, "आमची पोरगी ठिपके बघते!"

ऑफिसचा डेटा घरी आणला तर नोकरी जाईल. पण शिकाऊ लोकांसाठीचे नमुने सगळ्यांना खुले असतात, आणि फुकटातलं सॉफ्टवेअरही मिळतं. आणते.

१० मार्च

दाखवलं! किती दिवसांनी चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. मी मोठं करत गेले तसे बाबा पुढे पुढे सरकत होते. "एवढं बारीक! ब्लेड कसलं चालणार इथे!"

मी मुद्दाम दोन चुका घालून ठेवल्या होत्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवीकडची त्यांनी बघताक्षणी पकडली. "तुटलीय ही. कोणी कापलंय हे? परत पाठव त्याला." डावीकडची? काही नाही. "बाकी ठीक. जाऊ दे काचेवर."

मग मी नक्षी उलटी केली. काच मागून बघावी तशी. आम्हाला ते बटण रोजच लागतं. डावीकडचं उजवीकडे आलं. बाबा दचकले. "अरे! हे कुठून आलं? मघाशी नव्हतं." मग बराच वेळ हाताकडे बघत बसले. त्यांच्या हातची फिल्म कधी परत आली नव्हती म्हणे. मला फार वाईट वाटलं. गॅलरीत जाऊन रडले. रडण्यात मी आईवर गेलेय.

१४ मार्च

नक्षीच्या डाव्या कडेला लाल पट्टी घातली. वेगळा थर, अगदी भडक, बाबांच्या फिल्मचा लाल. म्हटलं, "बाबा, आधी लाल शोधायचं." उजवी कड बघितली, वर बघितलं, खाली बघितलं. "लाल नाहीये यात." पट्टी बोटभर रुंद होती.

१७ मार्च

नाही.

२१ मार्च

आईशी भांडले. म्हणाली, "आजच्या दिवस मी इकडे बसू? खिडकीपाशी? मी बोलत असते आणि हे खिडकीकडे बघत उत्तरं देतात. कधी कधी देतही नाहीत. मेल्यासारखं वाटतं मला."

मी म्हटलं, "आई, लाड नकोत. तू उजवीकडे जाऊन बसलीस तर ते डावीकडे कशाला बघतील?" आवाज जरा चढलाच माझा. ती गुपचूप उठून डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. बाबा म्हणाले, "ही कुठे गेली?" ती हातभर अंतरावर होती. "इथेच आहे," म्हणाली. बाबांनी खिडकीकडे पाहिलं.

मला कळत नाही का तिचं? कळतं! पण दोन महिने सोसलं तर पुढची वर्षं मिळतील. कुणीतरी कठोर व्हायला नको?

२६ मार्च

ऑफिसात शोभा झाली. आमचा साहेब — आम्ही त्याला चष्मा म्हणतो — शेजारी खुर्ची ओढून बसला. हळूच म्हणाला, "उजव्या कडेला दोन चौकोन चिकटलेत. आणि तू पास केलंस?" बघितलं तर खरंच! हल्ली मी प्रत्येक नक्षी डावीकडून सुरू करते. तिकडे इतकं डोळ्यांत तेल घालून बघते की उजवीकडे येईपर्यंत नजर नुसतीच फिरते. नशीब, काचेवर जायच्या आत सापडलं. चष्मा रागावला नाही. "घरी कसं आहे?" विचारलं. ते जास्त लागलं.

२ एप्रिल

सापडली!! बाबांना पट्टी सापडली! मान आधी थोडी वळली, थांबली, परत वळली — आणि एकदम म्हणाले, "हे बघ, इथे सोलायची राहिलीय!" आणि नखाने स्क्रीन खरवडायला लागले. मी ओरडलेच. आई धावत आली. म्हटलं, "आता तुझ्याकडेही बघतील, बघच तू!" आई म्हणाली, "हो." एवढंच! तिला आनंद व्हायला नको?

५ एप्रिल

पट्टी रोज सापडते. आई सापडत नाही. स्क्रीनची डावी बाजू कळते, खोलीची नाही, असं का? बाईंना विचारलं. म्हणाल्या, वेळ लागतो. संध्याकाळी घरी येते तेव्हा दोघं तशीच. आई आपल्या खुर्चीत, बाबा खिडकीकडे तोंड करून. गप्प. बघवत नाही.

८ एप्रिल

बाबा गेले. दुपारी. पुन्हा झटका आला. आईचा फोन आला तेव्हा मी कोणाची तरी नक्षी बघत होते, ती उघडीच टाकून धावले. पोचले तेव्हा संपलं होतं.

शेवटपर्यंत आईकडे मान वळली नाही. मी वळवू शकले नाही.

१२ एप्रिल

आज आईला म्हटलं, "त्यांनी तुझ्याकडे एकदा तरी बघायला हवं होतं गं."

"बघायचे की," आई म्हणाली. "तू कामावर गेलीस की मी खुर्ची खिडकीपाशी न्यायचे. दिवसभर बोलायचो आम्ही. फाटक वाजलं की ते स्वतःच म्हणायचे — आली बघ, सरक तिकडे. एवढी धडपडतेय पोरगी, तिचं मन नको मोडायला. मग मी सरकायचे. आणि सरकले की त्यांना दिसेनाशी व्हायचे."