माणूस नसलेले फोटो

शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४

दिवाळीत जीपने कोकणात गेलो, तेव्हा समुद्राचे अकरा फोटो मी स्वतः काढले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा समुद्र पाहिला, तर काढणारच ना! आज फ्रीगंजच्या कलर लॅबमधून पाकीट आणलं, तर त्यात नुसती आमची तोंडं. समुद्र एकही नाही. डोकंच फिरलं. तशीच परत गेले.

लॅबवाला म्हणतो, “बहनजी, उनमें कोई आदमी ही नहीं था. बेकार समझकर छापे नहीं.”

बेकार? वळणावळणावर जीप थांबवायला लावून काढलेत मी. आमचे हे तर दर वेळी ओरडायचे, “अगं, कोणाला तरी उभं कर समोर!” कशाला? माणसं काय उज्जैनात कमी आहेत?

“निगेटिव निकालो. सब छापो. मैं यहीं बैठी हूं,” म्हटलं आणि बसले स्टुलावर. बेकार म्हणे!

छापले त्याने. पण देईना. एकच फोटो हातात धरून बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, “बहनजी, सच में इतना पानी होता है?”

आता याच्यावर काय रागवायचं?

“इससे ज्यादा, भैया,” म्हटलं. “फोटो में इतना ही आया.”