पाच कांड्यांची दिशा

३ फेब्रुवारी, सोमवार

सहावी कांडी दगा देऊन गेली. दिसायला सरळच, पेन्सिलीएवढी. पण क्ष-किरणांत पाहिलं तर आतल्या स्फटिकांचं तोंड भलतीकडेच. प्रबंधात मी ठासून लिहिलंय — दोन ऑक्साइडं एकत्र वितळवून सावकाश खाली ओढून कांडी केली, की गोठताना स्फटिक दर वेळी तीच दिशा धरतात. पाच कांड्या तपासल्या, पाचही एकाच दिशेच्या.

तोंडी परीक्षा चौदाला.

४ फेब्रुवारी

सातवीची तिसरीच दिशा.

६ फेब्रुवारी

कांड्या कापून देतात त्या शालिकरामांना विचारलं. उमरेडच्या कोष्ट्याचं, विणकराचं घर त्यांचं. मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, चार कांड्या तं तडकल्या होत्या. एकीचेच पाच तुकडे हायेत ते. एकाच मागावरची पाच लुगडी — काठ तं जुळनच."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं होतं. तुम्ही भाषण पाठ करून राहिल्या होत्या."

माझा आवाज चढला. सगळ्या मजल्यावर ऐकू गेला असेल. तशीच गाइड सरांकडे गेले — चूक शालिकरामांची. सर म्हणाले, "लेखी दे. मार्चमध्ये कंत्राट संपतंच आहे त्यांचं."

दिलं.

७ फेब्रुवारी

नंदनवनला अंधश्रद्धेविरुद्धच्या सभेत बोलले, पाठ केलेलं भाषण. पुरावा मागा, कोणाचाही शब्द प्रमाण मानू नका, अगदी माझासुद्धा! टाळ्या थांबेनात. सभा भरवणाऱ्या सिंधूताई म्हणाल्या, "काय आग हाय वं तुह्या जिभेत." टाळ्या संपायच्या आतच मी तिथून निघाले.

१० फेब्रुवारी

शालिकरामांनी आठवी कांडी कापून दिली. आता प्रत्येक तुकडा वेगळ्या पुडीत, पुडीवर कांडीचा नंबर, वरचं टोक कुठलं त्याची खूण. न सांगता. माझ्याकडे मात्र बघत नाहीत.

वाक्यं जुळवतेय परीक्षेसाठी. प्रत्येक वाक्यात चूक म्हणून त्यांचं नाव येतं.

११ फेब्रुवारी

जुनी प्रयोगवही काढली. १९ ऑगस्ट २०२३. "चार तडकल्या. शालिकराम म्हणतात, पाचही तुकडे एकाच कांडीचे."

अक्षर माझं. खाली सही माझी.

वही घेऊन आधी शालिकरामांकडे जाते. मग सरांकडे.